अवघड जागेचे दुखणे

दिवाळी अंकात हा विषय कशाला, असे कोणी विचारील. मी उलट विचारतो : सारे घर मिळून वाचते असा दुसरा अंक कोणता?

दहा दिवसांपूर्वी माझे उजवे वृषण शस्त्रक्रियेने काढले. जांघेतले टाके अजून ओढतात; गाठ कर्करोगाची होती काय, याचा अहवाल यायचा आहे. समाचाराला येणारे मात्र 'हर्नियाच ना?' म्हणून सोयीचे उत्तर माझ्या तोंडी घालतात. हीच का आपली सभ्यता?

हा रोग बहुधा १५ ते ४० वयाच्या पुरुषांना गाठतो. गाठ सहसा दुखत नाही. म्हणूनच मुलगा गप्प बसतो. १९७४ पासून अमेरिकेत डॉ. लॉरेन्स आइनहॉर्न यांनी सिसप्लॅटिन हे औषध इतर औषधांच्या जोडीने वापरले आणि पसरलेला रोगही बहुतेकदा बरा होऊ लागला. उरलेले एक वृषण संसाराला सहसा पुरते. माझ्या वर्गात सोळा वर्षांचे मुलगे बसतात. त्यांचा जीव गेला तरी चालेल, पण शब्द उच्चारायचा नाही, ही कसली अब्रू?

वडीलमंडळींनो, यंदा अभ्यंगस्नानाला मुलाला एवढे सांगाच : ऊन पाण्याने अंग सैलावल्यावर हाताने चाचपून पाहा, आणि गाठ लागली तर त्याच दिवशी आम्हांला सांग.