धरणांचा तालुका

मुंबईकराने पहाटे नळ सोडला की पाणी येते. ते कोठून येते, हा प्रश्न त्याला क्वचितच पडतो. १८६० साली विहार तलावाचे पाणी नळांनी शहरात आले, तेव्हा ते जवळच्याच साष्टी बेटातले होते. शहर वाढले तशी तहान वाढली. १८९२ साली तानसेचे पाणी आणावे लागले आणि पुढे वैतरणा व भातसा या नद्याही अडविल्या गेल्या. आज शहराला दररोज सुमारे ३८५ कोटी लिटर पाणी मिळते. त्याचा मोठा भाग ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्याच्या जलाशयांतून येतो.

अभियंत्यांचे हे कर्तृत्व थोर खरेच. परंतु त्याच तालुक्यातील कित्येक पाड्यांना वैशाखात टँकरची वाट पाहावी लागते आणि स्त्रिया हंड्यावर हंडा चढवून डोंगर तुडवितात. ‘धरण उशाला, कोरड घशाला’ ही म्हण तेथे कोणास समजावून सांगावी लागत नाही. पाडे उंचावर विखुरलेले आहेत, तेथे पाणी चढविणे खर्चाचे आहे, असे उत्तर मिळते. ते खोटे नाही. पण शहरासाठी डोंगर पोखरून बोगदे काढताना खर्च आडवा आला नव्हता. ज्यांच्या जमिनी जलाशयांत गेल्या, त्यांच्या नळाचा खर्च शहराने आपल्या पाणीपट्टीतून द्यावा, आणि तोही नवे धरण बांधण्याआधी.