मानांकनाच्या हजार गुणांत आपला रकाना कुठे आहे?

कॅप राउंड सुरू झाले की इंजिनिअरिंग कॉलेजांचे फ्लेक्स गावोगाव लागतात. '१०० टक्के प्लेसमेंट'च्या शेजारी 'एनबीए मानांकित' असे ठळक अक्षरांत लिहिलेले असते. आपल्या वस्त्यांतल्या अनेक मुलामुलींच्या घरात पदवीधरच पहिल्यांदा होतो आहे. ती हा शब्द वाचतात, कॉलेज चांगलेच असणार असे समजतात आणि पर्याय भरतात. पण हे मानांकन काय मोजते, आणि काय मोजायचे टाळते? फी, शिष्यवृत्ती आणि वसतिगृहासाठी आपण लढतो, आणि ते लढलेच पाहिजे. आता हा प्रश्नही चळवळीने हातात घेतला पाहिजे, असे आमचे म्हणणे आहे.

आधी वस्तुस्थिती समजून घेऊ. कॉलेज चालवायला एआयसीटीईची मान्यता सक्तीची असते. एनबीए म्हणजे राष्ट्रीय मानांकन मंडळ. ते १९९४ साली एआयसीटीईच्या अंतर्गत सुरू झाले आणि २०१० मध्ये स्वायत्त झाले. नॅक अख्ख्या संस्थेचे मूल्यमापन करते, एनबीए एकेका पदवी अभ्यासक्रमाचे करते. म्हणजे एकाच इमारतीत कॉम्प्युटर शाखेला मानांकन असू शकते आणि इलेक्ट्रिकलला नसू शकते. फ्लेक्सवर मात्र नाव सगळ्या कॉलेजचे! शिवाय मानांकन कायमचे नसते. ते सहसा तीन किंवा सहा वर्षांसाठी मिळते आणि मग संपते.

दुसरी गोष्ट यापेक्षा महत्त्वाची आहे. जून २०१४ मध्ये भारत 'वॉशिंग्टन करारा'चा कायम सदस्य झाला. या करारातले देश एकमेकांच्या मानांकित इंजिनिअरिंग पदव्या समकक्ष मानतात. पण भारतात हा लाभ फक्त 'टियर एक'मधल्या, म्हणजे प्रामुख्याने स्वायत्त संस्था आणि विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांना आहे. विद्यापीठाशी संलग्न असलेल्या कॉलेजांचे अभ्यासक्रम 'टियर दोन'मध्ये येतात. त्यांना एनबीएचे मानांकन मिळते, कराराची मान्यता मिळत नाही. जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या ठिकाणची बहुतेक खासगी कॉलेजे संलग्नच आहेत आणि आपली मुले मोठ्या संख्येने तिथेच शिकतात. फ्लेक्सवरचा शब्द एकच, पण त्याचे मोल दोन प्रकारचे. उतरंड कुठे कुठे असते पाहा.

आता मुख्य मुद्दा. गेल्या दशकभरात टियर दोनच्या अभ्यासक्रमांची तपासणी ज्या नमुन्यावर झाली, त्यात एकूण १००० गुण आणि दहा निकष होते. शिक्षकांना २००, विद्यार्थ्यांच्या कामगिरीला १५०, प्रयोगशाळा आणि सुविधांना ८०, प्रशासन आणि आर्थिक साधनांना १२०, विद्यार्थी-साहाय्याला ५०, अशी ती विभागणी. शिक्षक किती, पीएचडी किती, शोधनिबंध किती हे विचारले जाते. राखीव पदे किती भरली, यावर गुण नाहीत. विद्यार्थी किती पास झाले, किती जणांना नोकरी लागली हे विचारले जाते. अनुसूचित जाती-जमातीचे, भटक्या-विमुक्तांचे, ओबीसी विद्यार्थी किती आत आले आणि त्यांतले किती पदवी घेऊन बाहेर पडले, यावर एकही गुण नाही. नॅक निदान राखीव जागा किती भरल्या एवढे तरी विचारते. भरलेल्यांचे पुढे काय झाले, हा प्रश्न मात्र कोणाच्याच वहीत ठळकपणे येत नाही.

हे नुसते विसरणे आहे, असेही म्हणता येत नाही. कामगिरीच्या त्या १५० गुणांत ४० गुण ठरलेल्या मुदतीत पदवी पूर्ण करण्याला आहेत. त्यांतले २५ गुण एकदाही केटी न लागता पास झालेल्यांच्या प्रमाणावर मिळतात आणि १५ गुण केटी लागूनही मुदतीत पूर्ण करणाऱ्यांच्या प्रमाणावर. मराठी माध्यमातून आलेली मुलगी पहिल्या वर्षी इंग्रजीतल्या एम-वन आणि ग्राफिक्सशी झगडते. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेला मुलगा एम-थ्रीला अडकतो. दोघेही केटी काढतात आणि शेवटच्या वर्षी वर्गात पुढे असतात. कॉलेजसाठी त्यांचे मोल कमीच राहते. एखाद्याचे इयर डाऊन झाले आणि त्याने जिद्दीने पाचव्या वर्षी पदवी घेतली, तर या हिशेबात तो जवळजवळ दिसतच नाही. जिथून निघालो तिथपासूनचे अंतर कोणी मोजत नाही, फक्त पोहोचल्याची वेळ मोजतात. मग कॉलेजला सोपा मार्ग कोणता? अशा मुलांना हात देणे, की अशी मुले कमी यावीत अशी इच्छा धरणे?

हिशेब न ठेवल्याने काय होते, याचा एक दाखला पुरेसा आहे. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने संसदेत उत्तर दिले. त्यानुसार आधीच्या पाच वर्षांत आयआयटींमधून अनुसूचित जातीचे १,०६८, अनुसूचित जमातीचे ४०८ आणि ओबीसी २,०६६ विद्यार्थी बाहेर पडले. बरेच जण दुसऱ्या अभ्यासक्रमाला किंवा संस्थेत गेले, असे सरकारचे म्हणणे होते. असेलही. पण हा आकडा मानांकनाच्या फाइलीतून आला नाही. एका खासदाराने प्रश्न विचारला म्हणून आला. तालुक्याच्या कॉलेजातून गळालेल्या मुलांसाठी संसदेत कोण प्रश्न विचारणार?

यावर दोन आक्षेप ठरलेले आहेत. पहिला असा की ट्रान्सफॉर्मरला आणि अल्गोरिदमला जात नसते, मग तांत्रिक शिक्षणात जात कशाला आणता? बरोबर, ट्रान्सफॉर्मरला नसते. पण तोंडी परीक्षेत आडनाव विचारणाऱ्याला असते. प्रोजेक्टचे गट पाडताना असते. एम्समधल्या भेदभावाची चौकशी करणाऱ्या थोरात समितीने २००७ मध्ये शिकवणे आणि मूल्यमापन या दोन्हींत जातीय वागणूक असल्याचे नोंदवले. वैद्यकीय शिक्षणात जे घडते ते इंजिनिअरिंगच्या फाटकाबाहेर थांबते, असे मानायला काही कारण नाही.

दुसरा आक्षेप आपल्याच काही मित्रांचा आहे. मानांकन हे आपली मुले शिकतात ती कॉलेजे बंद पाडण्याचे साधन आहे, ते नकोच, असे ते म्हणतात. त्यांची भीती आम्हाला समजते, पण निष्कर्ष पटत नाही. प्रयोगशाळेत मशीनला हात न लावता इलेक्ट्रिकलची पदवी मिळाली, तर तोटा कोणाचा होतो? ज्याच्या घरी ओळखी आणि पैसा आहे त्याचा नाही. निकृष्ट कॉलेजची सगळ्यात मोठी किंमत आपणच मोजतो. म्हणून आपल्याला मानांकन अधिक कडक हवे, आणि त्यात आपला रकाना हवा.

बाबासाहेबांनी हा विषय किती आधी ओळखला होता ते आठवावे. १९४२ मध्ये व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात त्यांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या विज्ञान आणि तंत्रशिक्षणासाठी शिष्यवृत्त्या मागितल्या. मजूरमंत्री असताना वीज हा विषय त्यांच्याच खात्याकडे होता आणि १९४४ मध्ये केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ उभे राहिले ते त्यांच्याच कारकिर्दीत. त्यांना आपली माणसे विजेच्या आणि यंत्रांच्या कारभारात निर्णय घेणाऱ्या जागी हवी होती. नुसता प्रवेश मिळवून मधेच गळणारी पिढी त्यांना अभिप्रेत नव्हती.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. प्रत्येक मानांकित अभ्यासक्रमाने प्रवेश, केटी, इयर डाऊन, पदवी आणि नोकरी यांचे प्रवर्गनिहाय व लिंगनिहाय आकडे जाहीर करावेत. त्यात कोणाचे नाव नको, फक्त संख्या हवी. प्रवर्गांमधली दरी कमी करणाऱ्या कॉलेजला गुण मिळावेत, वाढवणाऱ्याचे कापले जावेत. मागे पडून पुढे आलेल्या विद्यार्थ्याचे श्रेय कॉलेजला मिळावे. महाडीबीटीची रक्कम आली नाही म्हणून कोणाची परीक्षा किंवा कागदपत्रे अडवली का, हे तपासणीत विचारले जावे. एनबीएने आता अकरा निष्पत्तींचा नवा नमुना आणला आहे. नमुना बदलत असतानाच रकाना मागायचा असतो.

तोवर आपल्या हातात काय आहे? पर्याय भरण्याआधी एनबीएच्या संकेतस्थळावर त्या शाखेचे नाव, टियर आणि मुदत तपासा, आणि वस्तीतल्या बारावीच्या मुलांनाही तपासून द्या. माहिती अधिकारात एनबीएकडे आपल्या शाखेचा स्वयंमूल्यमापन अहवाल मागा. तपासणी समिती कॉलेजला येते तेव्हा ती विद्यार्थ्यांशी आणि माजी विद्यार्थ्यांशीही बोलते. तिथे बहुधा विभागाने निवडलेली मुले बसवली जातात. आपल्या संघटनेने लेखी मागणी करून तिथे आपले प्रतिनिधी बसवावेत आणि समितीला एकच प्रश्न विचारावा: आमच्यातले किती आत आले, आणि किती इंजिनिअर होऊन बाहेर पडले?

उत्तर नसेल, तर 'उत्तर नाही' हेच लेखी मागून घ्या. पुढची लढाई त्या कागदावर उभी राहील.

जय भीम!