अंगठ्याची जकात

मराठीत ‘जकात’ म्हटले की नाका आठवतो. मुंबईची जकात २०१७ साली जीएसटी आल्यावर बंद झाली, तरी नाक्यांची नावे लोकांच्या तोंडी आहेत. मुसलमानाच्या घरात मात्र जकात म्हणजे इस्लामच्या पाच स्तंभांपैकी एक. मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, त्यामुळे हे दोन्ही अर्थ मला मुलांना समजावून सांगावे लागतात.

अर्थ वेगळे असले तरी दोन्ही जकाती वर्गवारीवर चालतात. धर्माच्या जकातीत सोने आणि व्यापारी मालावर अडीच टक्के. पावसावर आलेल्या पिकाचा दहावा हिस्सा, पण विहिरीचे पाणी उपसून काढलेल्या पिकाचा विसावा. गहू तोच, पण एका शेतकऱ्याचे कष्ट जास्त, म्हणून दर कमी. म्हणजे माल कुठल्या वर्गात टाकायचा हे ठरवताना माणसाच्या ओझ्याचाही विचार आहे.

आता परदेशातून येणाऱ्या मालावरची जकात, म्हणजे सीमाशुल्क, पाहा. उदाहरण म्हणून आपला रोजचा अंगठा वाचणारा स्कॅनर घेऊ. बंदरात माल उतरला की त्याला आठ आकडी क्रमांक लागतो. त्यातले पहिले सहा आकडे जगभर समान असतात. संगणकाला जोडून ठशाची माहिती आत पाठवणारा साधा स्कॅनर असेल, तर ८४७१ या शीर्षकाचा दावा होतो. तिथे संगणक आणि त्याची युनिट्स येतात आणि माहिती-तंत्रज्ञान करारामुळे मूळ सीमाशुल्क शून्य आहे. पण ‘हे यंत्र नुसती माहिती पुरवत नाही, माणूस ओळखण्याचे स्वतंत्र काम करते’ असे म्हटले, तर ८५४३ पुढे येते. इतरत्र न बसणारी, स्वतंत्र काम करणारी विद्युत यंत्रे तिथे जातात. तोच सेन्सर हजेरीच्या घड्याळात बसवला तर वेळ नोंदवणाऱ्या यंत्रांचे ९१०६, दाराच्या कुलपात बसवला तर कुलपांचे ८३०१ आणि मोबाइलमध्ये आला तर ८५१७.

वरवर हा खेळ हास्यास्पद वाटतो, पण तसा तो नाही. वर्गवारीचे सहा लिखित नियम आहेत. वस्तू दोन ठिकाणी बसत असेल तर अधिक नेमके वर्णन धरा. त्यानेही भागले नाही तर तिचा मुख्य गुण पाहा. तेही जमेना तर यादीत शेवटी येणारे शीर्षक घ्या. आणि कुठेच बसत नसेल, तर तिच्याशी सर्वांत जास्त साम्य असलेल्या वस्तूबरोबर ठेवा. शिवाय जागोजागी ‘अन्य’ नावाचा कप्पा आहेच. आयातदाराला माल आणण्याआधीच मुंबई किंवा दिल्लीच्या प्राधिकरणाकडून अग्रिम निर्णय मागता येतो. सीमाशुल्क अधिकाऱ्याने केलेली वर्गवारी पटली नाही तर अपील, न्यायाधिकरण, थेट सर्वोच्च न्यायालय. थोडक्यात, जगातली कुठलीही वस्तू ‘तू यादीतच नाहीस’ म्हणून बंदरात ताटकळत राहू नये, याची सोय करून ठेवली आहे.

ही सोय यंत्राची झाली. त्या यंत्रावर अंगठा ठेवणाऱ्याचे काय? वीटभट्टीवर राबणारा मजूर, आयुष्यभर धुणीभांडी केलेली बाई, हातावरच्या रेषा विरलेली म्हातारी यांचा ठसा रेशन दुकानातल्या ई-पॉस मशीनवर उमटत नाही. दुकानदार म्हणतो, ‘अंगठा येत नाही, उद्या या.’ उद्याही तेच. या माणसासाठी ‘अन्य’ कप्पा कुठे आहे?

कागदावर आहे. २६ सप्टेंबर २०१८ च्या आधार निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, ठसा जुळला नाही म्हणून लाभ नाकारू नये, ओळखीचा दुसरा मार्ग द्यावा. अन्नसुरक्षा कायदा २०१३ मध्ये जिल्हा तक्रार निवारण अधिकारी आणि राज्य अन्न आयोगाची तरतूद आहे. फरक एवढाच की आयातदाराकडे नियम वाचणारा वकील असतो आणि म्हातारीकडे रिकामी पिशवी.

बोटांच्या ठशांची शास्त्रशुद्ध वर्गवारी आपल्याच उपखंडात घडली. १८९७ साली कलकत्त्यात ठसे विभाग सुरू झाला. १,०२४ कप्प्यांची ती पद्धत इंग्रज अधिकारी एडवर्ड हेन्री यांच्या नावाने जगभर गेली, पण तिच्यामागचे गणित अझीझुल हक यांचे आणि हेमचंद्र बोस यांचीही त्यात मेहनत होती. नाव मागे राहिले, तरी काम नीट झाले होते. बोटांचे ठसे कितीही वेगवेगळे असोत, प्रत्येकासाठी कप्पा ठरलेला होता.

म्हणून माझी मागणी साधी आहे. अंगठा न आल्यास धान्य कसे मिळेल, हे प्रत्येक रेशन दुकानाच्या फलकावर मराठीत आणि जिथे गरज आहे तिथे उर्दूत ठळक लिहा. ज्याला परत पाठवले, त्याला कारण लिहून द्या, म्हणजे त्याला तक्रार करता येईल. आपणही बसून राहू नये. शिक्षकांनी, मोहल्ल्यातल्या शिकलेल्या पोरांनी अशा लोकांचे अर्ज लिहून द्यावेत. जकातीच्या पैशाने एखाद्याला महिनाभराचा शिधा भरून देणे पुण्याचे आहेच. पण जो शिधा त्याच्या हक्काचा आहे, तो त्याला मिळवून देणे हे आधी व्हायला हवे.