सही कोणाची?



सुरतेस उधना, लिंबायत या भागांत पोटापाण्यासाठी गेलेली मराठी कुटुंबे पुष्कळ आहेत. समजा, आपला सतरा वर्षांचा मुलगा तेथे काकांकडे राहून काम शिकत आहे. एके रात्री त्याचे अपेंडिक्स सुजते व शस्त्रक्रिया करावी लागते. कागदावर सही कोणी करावयाची? मुलाने, काकांनी, की गावाहून निघालेल्या बापाने?

१८७५ च्या कायद्याप्रमाणे मनुष्य अठराव्या वर्षी सज्ञान होतो. उपचारास संमती देण्याचे वय ठरविणारा सर्वसाधारण कायदा मात्र आपल्या देशात नाही. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत काही आधार सापडतो. कलम २८ नुसार बारा वर्षांखालील मुलाची संमती ही एरवी संमतीच नव्हे. कलम २७ प्रमाणे ती पालकाने, अथवा मूल ज्याच्या कायदेशीर ताब्यात आहे त्याने द्यावयाची असते. बारा ते अठरा या वयात मुलाचा होकार अगदीच निरर्थक नसतो. परंतु तो अज्ञान असल्याने डॉक्टर आईबापांचीच सही मागतात.

मग काकांनी काय करावे? प्रथम आईबापांस दूरध्वनी करावा. जीव धोक्यात असेल आणि संमती देणारा वेळेत भेटत नसेल, तर कलम ३० प्रमाणे डॉक्टरांना सद्हेतूने उपचार करता येतात. सहीसाठी कोणी मरणाच्या दारी तिष्ठत राहावे, असे कायदा म्हणत नाही.

अठरा वर्षे पूर्ण होताच मात्र चित्र पालटते. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, ४४ वर्षांची अविवाहित स्त्री भुलीखाली असता तिच्या आईची संमती घेऊन केलेली गर्भाशयाची शस्त्रक्रिया बेकायदेशीर होय. कारण तिच्या जिवास तत्काळ धोका नव्हता. तेव्हा, "पोरीचे लग्न व्हावयाचे आहे, सही आम्हीच करू," हे म्हणणे सज्ञान मुलीच्या बाबतीत चालत नाही.

म्हणून मुलाला परगावी धाडताना नातलगाच्या हाती एक सहीचे पत्र द्यावे. त्यात आपला दूरध्वनी क्रमांक, मुलाचा जुना आजार व त्याला न सोसणारी औषधे लिहावीत. आणि सही आपली असली तरी देह मुलाचा आहे. काय होणार हे त्याला आधी समजावून सांगावे व त्याचे म्हणणे ऐकून मगच लेखणी उचलावी.