पपईवर पहारा, पाण्यास मोकळीक

काशीत बदलून आलेल्या मराठी अधिकाऱ्याचे पहिले वर्ष कसे जाते, हे आम्ही सांगावयास नको. सिगऱ्यास, छावणीत किंवा रेल्वे-कारखान्याच्या वसाहतीत बिऱ्हाड थाटावे, भाजीवाल्याशी मोडक्या हिंदीत हुज्जत घालावी, आणि भाद्रपद उजाडला की ब्रह्माघाट-दुर्गाघाटाकडच्या गल्ल्यांची वाट धरावी. तेथे गणपतीपुढे मराठी आरती कानी पडते, पानात उकडीचा मोदक पडतो, आणि सोबतची सून किंवा लेक सातव्या महिन्यात असेल, तर कोणी तरी आजी पुढे होऊन तिची ओटी भरते. परमुलखात माहेर भेटावे तसा तो प्रसंग असतो. त्याची किंमत आम्ही जाणतो. कित्येक वर्षे त्यात यजमान म्हणून वावरलो आहोत. पुढचे चार शब्द त्याच अधिकाराने लिहीत आहोत, मग ते कोणास कडू लागोत.

अशा पंक्तीत गरोदर मुलगी पाटावर बसली, की पाव घटकेत तिच्यासमोर एक यादी उभी राहते. पपई नको, ती उष्ण. अननस नको. तीळ नकोत, वांगे नको. "दोन जिवांची आहेस, सूनबाई, जपायला हवं," असे म्हणून एक काकू पानातली एक वाटी उचलतात. मावशी दुसरी उचलतात. तरुण मंडळींची यादी निराळी. खव्यात पिठी असते, पनीर खोटे असते, वर्ख चांदीचा नसून अ‍ॅल्युमिनियमचा असतो, असे फोनवर आलेले इशारे ती मंडळी मोठ्याने वाचून दाखवितात. दोन्ही पक्षांचे समाधान होईतो त्या बिचारीच्या पानात वरणभात आणि मीठ एवढेच उरते. मग तिच्या उजव्या तळहातावर पळीभर तीर्थ घातले जाते. ते पाणी पहाटे घाटावरून आणलेले असते. ती ते डोळ्यांस लावते आणि पिते. पाठोपाठ नळाच्या पाण्यात वाटलेली कोथिंबिरीची चटणी येते, त्याच पाण्यात धुतलेल्या काकडीची कोशिंबीर येते, बाजारच्या बर्फाचे सरबत येते. यांपैकी कशासही कोणी हरकत घेत नाही. आमचे भांडण आहे ते या ठिकाणी.

नवऱ्यास महिनाभर अंथरुणावर ठेवून सोडून द्यावे आणि त्याच्या गरोदर बायकोचा मात्र जीव घ्यावा, असा एक रोग आपल्या देशात आहे. त्याचे नाव 'ई' प्रकारची कावीळ. तिचा विषाणू मैल्याने दूषित झालेल्या पाण्यातून पोटात जातो. धडधाकट माणूस बहुधा विशेष औषधावाचून बरा होतो. गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत मात्र ही कावीळ झाली, तर शंभरांत वीस-पंचवीसपर्यंत बायका दगावू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पपईच्या नावावर असा आकडा कोणी दाखवावा!

दिल्लीचे उदाहरण घ्या. १९५५ साली यमुनेस पूर आल्यानंतर नजफगढ नाल्याचे पाणी उलटून वझिराबादच्या पंपापर्यंत पोहोचले, आणि त्या डिसेंबर-जानेवारीत सुमारे २९,००० लोकांस कावीळ झाली. गरोदर स्त्रियांची हानी विशेष झाली. त्या काळी दिल्लीत मराठी अधिकाऱ्यांची बिऱ्हाडे काही थोडी नव्हती. परंतु या साथीतली ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट निराळीच आहे. पाण्यात क्लोरीन घातलेला होता आणि विषमज्वराची साथ उसळली नाही. म्हणजे जिवाणू मेले होते, विषाणू मेला नव्हता. तो कोणता याचा उलगडा होण्यास पाव शतक लागले. १९८० साली त्या साथीतल्या रुग्णांच्या जपून ठेवलेल्या रक्ताची तपासणी झाली, त्या कामात पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतील संशोधकांचा वाटा होता, आणि ही कावीळ 'ए' व 'बी' या दोन्हींहून वेगळी असल्याचे ठरले. पुढे १९८३ साली बालायान या रशियन शास्त्रज्ञाने रुग्णांच्या विष्ठेचा अर्क स्वतः पिऊन स्वतःस कावीळ करून घेतली, तेव्हा तो विषाणू डोळ्यांस दिसला. शास्त्रासाठी कोणी काय प्यावे यास सीमा नाही. आमच्या मुलींस मात्र ते न विचारता पाजले जाते.

२०१२ सालच्या उन्हाळ्यात याच काविळीने पंचगंगेकाठच्या इचलकरंजीस घेरले. तेथील नदीचे नाव पंचगंगा, आणि आम्ही ज्या घाटावरून तीर्थ आणतो त्या घाटाचेही नाव पंचगंगा. नुसता योगायोग, परंतु मनातून जात नाही.

काशीत भाद्रपद म्हणजे पुराचा महिना. येथील धोक्याची खूण ७१.२६ मीटरवर आहे. नदी तिच्या जवळ आली की पायऱ्या बुडतात, गटारांचे पाणी पुढे जावयाचे ते मागे फिरते, आणि घाटाकडच्या गल्ल्यांतून ते पायांखाली येते. जुन्या शहरात पाण्याचा नळ आणि मैल्याची नळी चार हात रुंद गल्लीखालून शेजारधर्माने नांदतात. नळास दाब नसला म्हणजे फुटक्या सांध्यातून बाहेरचे पाणी आत ओढले जाते, हे आमच्या वाचकांतील कोणताही अभियंता सांगेल. अशा दिवसांत आम्ही गरोदर मुलींस आग्रहाने बोलावतो.

काही वर्षांपूर्वी आमच्याच घरी एक डोहाळेजेवण झाले. मुलगी नागपूरकडची, नवरा केंद्र सरकारच्या नोकरीत, काशीत येऊन वर्षही झाले नव्हते. फुलांची वाडी भरली, गाणी झाली. पंचपात्रातले तीर्थ तिला आम्हीच दिले. पाच आठवड्यांनी तिचे डोळे पिवळे झाले. ती वाचली, मूल वाचले नाही. ते तीर्थामुळे झाले असे आम्ही म्हणू शकत नाही. हा रोग पोटात शिरल्यापासून दिसू लागेपर्यंत दोन ते दहा आठवडे जातात, आणि तेवढ्या अवधीत माणूस शंभर ठिकाणचे पाणी पितो. तीर्थामुळे झाले नाही असेही आम्ही म्हणू शकत नाही. परंतु आम्हांस आजही टोचते ते त्यानंतरचे. समाचारास आलेल्या बायकांत कुजबुज सुरू झाली, की तिने मध्यंतरी पपई खाल्ली होती. एकीने तिला ठेल्यावर गोलगप्पे खाताना पाहिल्याचे सांगितले. त्या मुलीने मान खाली घालून आम्हांस विचारले, "काका, मी एकदाच खाल्ली होती, पिकलेली. त्यानं झालं का हो?" आम्ही नाही म्हटले. पंचपात्राविषयी मात्र आम्ही त्या दिवशी तोंड उघडले नाही.

पुढे धीर करून हा विषय मंडळींत काढला, तेव्हा दोन उत्तरे मिळाली. पहिले असे: "गंगेच्या पाण्यात जंतू जगत नाहीत, हे इंग्रजानेच सिद्ध केले आहे." या इंग्रजाचे नाव अर्नेस्ट हॅन्किन. आग्ऱ्यास असताना १८९६ साली त्याने लिहिले, की गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जंतू मरतात. त्यात खोटे काही नाही. जिवाणूंस खाणारे सूक्ष्म विषाणू असतात, ही गोष्ट पुढे शास्त्राने मान्य केली. पण ते खातात जिवाणूंस, आणि तेही प्रत्येक जण आपापल्या ठरलेल्या जिवाणूस. काविळीच्या विषाणूच्या वाटेस ते जात नाहीत. दिल्लीत क्लोरीनने जे केले नाही ते येथे नदी आपोआप करील, असे मानणे म्हणजे हॅन्किनच्या नावावर त्याने कधी न दिलेली हुंडी वटविणे होय. आणि गंमत अशी, की जे पदवीधर गृहस्थ आम्हांस हॅन्किन ऐकवितात, ते बंगल्यावर यंत्राने शुद्ध केलेलेच पाणी पितात. विश्वास एवढा दृढ असेल तर ते यंत्र विकून टाकावे!

दुसरे उत्तर असे, की तापविलेल्या पाण्यास तीर्थपण राहत नाही. हे म्हणणाऱ्यांशी आम्ही अदबीने बोलू, कारण त्यांच्या म्हणण्यात ढोंग नाही. परंतु त्यांनी आपल्याच देशावरच्या घरांतली चाल आठवावी. यात्रेकरू काशीहून गंगा नेतो ती तोंड झाळलेल्या तांब्याच्या गडूतून. घरी त्या गडूची पूजा होते, मावंदे होते, गाव जेवते; गडू मात्र बंदच राहतो. तो फुटतो तो घरातले माणूस शेवटच्या श्वासाला आले म्हणजे. तोवर गंगा देवघरात असते, पोटात जात नाही. न खर्चिता राखलेल्या शिलकीस आपण गंगाजळी म्हणतो ते उगाच नव्हे. मरणाऱ्याच्या मुखी घालावयाचे पाणी जन्मास येणाऱ्याच्या आईस रोज पळीने पाजावे, हा कोणता आचार? तुळशीपत्राने मस्तकावर शिंपडलेले पाणीही गंगेचेच असते, आणि प्रोक्षण आपल्या धर्मकृत्यांत नवे नाही. मुखी द्यावयाचे तीर्थ उकळून निवविलेल्या पाण्याचे असावे. उकळीने हा विषाणू मरतो.

इतर काळज्यांविषयी थोडक्यात. खव्यातली पिठी ओळखण्यासाठी आयोडिनचा थेंब टाकून निळा रंग पाहण्याची हौस ज्यांस असेल त्यांनी ती अवश्य भागवावी. त्या पिठीने खिशाची फसवणूक होते, जीव सहसा जात नाही. खवा शिळा असणे अधिक वाईट. १ ऑक्टोबर २०२० पासून सुट्या मिठाईच्या ताटापुढे ती केव्हापर्यंत खावी ती तारीख लावणे बंधनकारक झाले. ती पाटी मागून पाहणारे गिऱ्हाईक आम्हांस अजून भेटावयाचे आहे. हळदीची शंका मात्र आम्ही थट्टेवारी नेणार नाही. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत पाटण्याच्या बाजारातील काही हळदीत ग्रॅममागे १,००० मायक्रोग्रॅमहून अधिक शिसे आढळले. कायद्याची मर्यादा १० आहे. पिवळेपणासाठी लेड क्रोमेट चोपडले जाते, आणि शिसे आईच्या रक्तातून गर्भात उतरते. बांगलादेशात २०१९ साली ४७ टक्के नमुन्यांत ही भेसळ होती. सरकारने बाजारात छापे घातले, दंड केले, लोकांत प्रचार केला, आणि २०२१ साली ती शून्यावर आली. तेथील गरोदर बायकांस हळद सोडावयास लावून ती शून्यावर आली नाही.

फाल्गुनातल्या ठंडाईचेही असेच. १९८५ च्या अंमली पदार्थांच्या कायद्याने गांजा आणि चरस धरले, भांगेचे पान वगळले. काशीत ती परवान्याच्या दुकानात मिळते. परवाना आहे म्हणून ती पोटातल्या बाळास निरुपद्रवी ठरत नाही. तिचा अंमल नाळेतून गर्भापर्यंत जातो, आणि मूल कमी वजनाचे निपजण्याशी तिचा संबंध वैद्यकशास्त्र जोडते. तरीही रंगभरी एकादशीस "बाबांचा प्रसाद आहे, घोटभर घे" असा आग्रह करणारे सुशिक्षित आम्ही पाहिले आहेत. पपईची वाटी उचलणारा हात येथे पेला पुढे करतो.

पपईस आम्ही निर्दोष सोडून देत नाही. कच्च्या पपईच्या चिकाविषयीची शंका निव्वळ खुळी नाही. कच्ची पपई टाळावी. पिकल्या फळाने काय पाप केले? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या ५२.२ टक्के गरोदर स्त्रियांत रक्त कमी आढळले. अशा देशात गर्भवतीच्या पानातून तीळ आणि भाज्या काढून घेणारी माया आम्हांस समजत नाही. कालिदासाच्या सुदक्षिणेस मातीचे डोहाळे लागतात. माती खावीशी वाटणे हे रक्तातील लोहाच्या उणिवेशी जोडले जाते, हे आजचा डॉक्टर सांगेल. पण कवीचे औचित्य पाहा. राणी लाजेने बोलत नाही म्हणून राजा तिच्या सख्यांस पुन्हा पुन्हा विचारतो, की तिला काय हवे आहे. आमच्या डोहाळेजेवणात पंचवीस बायका असतात, आणि तो एक प्रश्न सोडून तिला सर्व काही सांगितले जाते.

आता वाचकहो, थोडे तुमच्याविषयी. पिण्याच्या पाण्याचे भारतीय मानक १०५०० असे सांगते, की क्लोरीन घातलेल्या पाण्यात नळाच्या टोकाशी तो लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम उरावा, आणि विषाणूंपासून संरक्षण हवे असेल तर ०.५. पाच मिनिटांची ही तपासणी आहे. ती उत्सवाच्या गल्लीत भाद्रपदाच्या आधी व्हावी म्हणून कोणत्या कार्यालयास, कोणत्या शब्दांत लिहावयाचे, हे तुमच्याहून अधिक कोणास ठाऊक? परंतु "आम्ही येथे तीन वर्षांचे पाहुणे, स्थानिक कारभारात कशाला पडा" असे म्हणून तुम्ही ते पत्र लिहीत नाही, आणि पत्राऐवजी आपल्या सुनेस यादी देता. यादीस जावक क्रमांक लागत नाही, उत्तर येत नाही, कोणी वरिष्ठ रागावत नाही. तिचे नऊ महिने त्या तीन वर्षांतलेच असतात, एवढे आम्ही सुचवितो.

येत्या भाद्रपदात आमच्याकडे दोन डोहाळेजेवणे ठरली आहेत. आदल्या रात्री पाणी उकळून झाकून ठेवले जाईल. तीर्थ, चटणी, कोशिंबीर आणि सरबत त्याच पाण्याचे असेल, आणि बर्फ असणार नाही. दोघींनाही काय खावेसे वाटते हे विचारून घेतले आहे. एकीस पुरणपोळी हवी आहे, दुसरीस पिकलेली पपई. ज्या वडीलधाऱ्यांस घाटावरचे कच्चे तीर्थच हवे असेल, त्यांच्यासाठी दुसरे पंचपात्र निराळे ठेवू, आणि त्यावर तशी चिठ्ठी लावू.