ताटातल्या मटणामागचा जीव

आपल्या मालवणात पाहुणे आले की कोंबडी-वडे ठरलेले. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी घरोघरी मटण शिजतं. पण ताटात आलेला तो जीव कुठं वाढला, कसा वाढला, हे तुम्ही कधी विचारलंय का? खरं सांगतो, मीही कित्येक वर्षं विचारलं नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात आम्ही सातवीच्या मुलांना घेऊन कुडाळ तालुक्यातल्या एका मावशींचं शेळीपालन बघायला गेलो. त्यांच्याकडे कोकण कन्याळ शेळ्या आहेत. काळं अंग, तोंडावर पांढरे पट्टे, लांब चपटे कान. ही आपल्या सिंधुदुर्गातलीच जात. मुख्यतः मांसासाठी पाळली जाते आणि आपल्या धो-धो पावसात, दमट हवेत टिकून राहते. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या निळेली इथल्या प्रक्षेत्रावर या जातीवर काम झालेलं आहे.

मावशींच्या गोठ्यात जमिनीपासून उंच असा फळ्यांचा माचा आहे. फटींतून लेंड्या खाली पडतात, शेळ्या कोरड्या राहतात. नाहीतर पावसाळ्यात ओल्यात उभं राहून त्यांचे खूर कुजतात. दिवसा शेळ्या डोंगरउतारावर चरतात, घरी फणसाचा पाला मिळतो. पावसाळ्याआधी आंत्रविषाराची लस टोचतात. लेंडीखत माडांच्या मुळात जातं. काहीच वाया जात नाही.

मुलं एका करडाला कुरवाळत होती. तेवढ्यात एकाने विचारलं, "मावशी, ह्याका पण कापतले?"

सगळे गप्प झाले. मला वाटलं, आता विषय बदलावा. पण मावशी म्हणाल्या, "होय रे बाबू, कापतले. पण माझ्याकडे हा तवसर तेका उपाशी ठेवचंय नाय."

मित्रांनो, हे उत्तर मला फार मोलाचं वाटतं. त्यात खोटेपणा नाही आणि निर्दयपणाही नाही.

काहीजण म्हणतील, "शेवटी मारायचंच, मग माया कशाला?" मला हे पटत नाही. मरण एका क्षणाचं असतं, जगणं कितीतरी महिन्यांचं. ते महिने अंधारात, दाटीवाटीत काढायचे की उन्हात चरत, हा फरक त्या जीवाला नक्कीच कळतो. ब्रॉयलर कोंबडी साधारण सहा आठवड्यांत विक्रीला तयार होते. परड्यात फिरणाऱ्या गावठी कोंबडीला पाच-सहा महिने लागतात. म्हणून ती महाग. स्वस्त मटणाची उरलेली किंमत बऱ्याचदा तो मुका जीवच चुकती करतो.

स्कूटरच्या हँडलला उलट्या टांगलेल्या कोंबड्या आपण रोज बघतो ना? प्राण्यांना विनाकारण वेदना होतील अशा रीतीने नेणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. आणि तुमच्या पाठ्यपुस्तकाच्या सुरुवातीला छापलेली मूलभूत कर्तव्ये वाचा. प्राणिमात्रांबद्दल दयाबुद्धी बाळगणं हे त्यातलंच एक. ते फक्त परीक्षेपुरतं नाही.

मांस खाणं सोडा, असं मी सांगत नाही. जे खात नाहीत त्यांचा मला आदर आहे. पण जे खातात, त्यांनी डोळे उघडे ठेवून खावं. गावठी कोंबडी दर रविवारी परवडणार नाही, हे मलाही कळतं. मग महिन्यातून एकदा खाऊ, पण नीट वाढवलेलं खाऊ. आपल्याच गावातल्या पाळणाऱ्याकडून घेऊ. त्यामुळे त्या मावशींसारख्या घरांनाही चार पैसे मिळतील.

आणि शिक्षक मित्रांनो, सहल दरवर्षी किल्ल्यावरच न्यायला हवी असं नाही. एकदा गोठ्यावरही न्या. मुलं अवघड प्रश्न विचारतील. तेव्हा विषय बदलू नका.

परतताना त्या मुलाने डबा उघडला. पोळीचा एक तुकडाही त्याने टाकला नाही. मी काही बोललो नाही. त्या दिवशीचा धडा त्याला कळला होता.