पोरांच्या हातात रायफल दिली, पेलेटचं काय?

परवा चौकात परत एक फ्लेक्स लागला. नेमबाजीत यश मिळवलेल्या मुलांचं अभिनंदन. मुलांचे फोटो नखाएवढे, शुभेच्छुकांचे हातभर. त्याचं वाईट वाटून घेणं मी कधीच सोडलंय. पण त्याच आठवड्यात एका रेंजवर जे बघितलं ते लिहिल्याशिवाय राहवत नाही. पोस्ट मोठी आहे, पण ज्यांची मुलं एअर रायफल मारतात त्यांनी शेवटपर्यंत वाचा.

माझी पुतणी चार वर्षं १० मीटर एअर रायफल खेळतेय. गेल्या निवड चाचणीत तिचे गुण अचानक घसरले. शॉट सुटला की ती म्हणायची दहा, स्क्रीनवर दिसायचं ९.७. सर म्हणाले, "लक्ष नाही तुझं." घरचे म्हणाले, मोबाईल काढून घ्या. मीही चार शब्द सुनावले. पोर रडली, "काका, मला नाही जमत, रायफल सोडते" म्हणाली. ते आज मला लागतंय.

नंतर एका जुन्या नेमबाजाने साधा प्रश्न विचारला, "डबा कुठला वापरतेस?" तेव्हा कळलं की रेंजवर नवीन माल आला होता, सर्वात कमी दराचा. त्या गृहस्थांनी तिची रायफल वाइसमध्ये घट्ट आवळली. नव्या डब्यातले दहा शॉट मारले, कागदावर फाटकं फूल उमटलं. मग तिच्या जुन्या डब्यातले उरलेले दहा मारले. एकच भोक, पेलेटपेक्षा जेमतेम मोठं. रायफल तीच, हात कुणाचाच नाही. आता सांगा, लक्ष कुणाचं नव्हतं?

ज्यांना वाटतं की एवढ्याशा शिशाच्या तुकड्याने काय होतंय, त्यांच्यासाठी हिशोब. या प्रकारात दहाचा ठिपका फक्त ०.५ मिमीचा. पेलेट ४.५ मिमीचं. प्रत्येक ०.२५ मिमीला ०.१ गुण कमी होतो. सामना ६० शॉटचा. शॉटमागे सरासरी फक्त ०.१ गेला तरी ६ गुण गेले. आणि निवड यादीत नाव आहे की नाही, हे कित्येकदा एका गुणाच्या आत ठरतं.

काही जण म्हणतील, "आमच्या वेळी मिळेल ते छर्रे मारायचो, मेहनत करा, वस्तूंना दोष देऊ नका." मेहनत हवीच. पण खराब पेलेटने केलेली मेहनत उलटी शिकवते. पोराचा शॉट बरोबर गेलेला असतो, गुण कमी दिसतात, म्हणून ते नसलेली चूक दुरुस्त करत बसतं. महिनाभरात चांगली ढब मोडते.

आणि मी महागातलं घ्या असंही म्हणत नाही. इथेच पालक फसतात. परदेशी नावाचा भारीतला डबा आणला म्हणजे झालं, असं नाही. डब्यावर ४.४९, ४.५०, ४.५१ असे डोक्याचे माप लिहिलेले असते. एका बॅरलला ४.४९ मानवतं, शेजारच्या तसल्याच रायफलला ४.५०. त्याच कंपनीचा, त्याच मापाचा पुढचा लॉटही वेगळा निघू शकतो. म्हणून मित्राचा डबा बघून घेऊ नका, आपल्या रायफलीत तपासून घ्या. पसंत पडला की त्याच लॉटचे जास्त डबे घेऊन ठेवा. शिसं मऊ असतं, डबा पडला की पेलेटची मागची कड चेपते. तसली पेलेट सामन्यात वापरू नका. आणि पोरांना हात धुतल्याशिवाय डबा खाऊ देऊ नका.

खर्चाचं रडगाणंही नको. एका डब्यात साधारण ५०० पेलेट. सामना आणि आधीचे सरावाचे शॉट धरून ८० लागले, तरी एका डब्यात सहा सामने होतात. रोजच्या सरावाला साधी पेलेट चालतील, सामन्याला तपासलेली. एका फ्लेक्सच्या पैशात किती डबे येतील, छापणाऱ्याला विचारा.

मागणी फार मोठी नाही.
१) सार्वजनिक पैशातून पेलेट घेताना आधी नमुन्याचे डबे मागवा, वाइसवर तपासा, मग दर बघा.
२) प्रत्येक रेंजवर एक वाइस असू द्या आणि वर्षातून दोनदा प्रत्येक मुलाची रायफल तपासा. त्याचा कागद पालकांना द्या.
३) माल बदलला की मुलांना आधी सांगा. निवड चाचणीच्या तोंडावर तर बदलूच नका.

ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्ये याच १० मीटर एअर रायफलमध्ये जगज्जेता झाला. राधानगरी तालुक्यातल्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर रायफलमध्ये कांस्य आणलं. भाषणात दोघांची नावं सगळे घेतात. पण पुढचा रुद्रांक्ष, पुढचा स्वप्नील आज कुठल्या तरी रेंजवर खराब डब्यापायी "तुझं लक्ष नाही" ऐकत असेल, त्याचं काय?

पुतणीने रायफल सोडली नाही. पण त्या चाचणीचे गुण तिला कुणी परत देणार नाही. तुमच्या पोराच्या बाबतीत असं होण्याआधी या रविवारी रेंजवर जा आणि एवढंच विचारा: "डबा कुठला, आणि तपासलाय का?" उत्तर काय मिळालं ते खाली लिहा.